सात नंबरचं टेबल

“काल कुठवर आलो होतो आपण, सात नंबर?”

बाईंनी विचारलं आणि धाकटी सावरून बसली. काल सात नंबरच्या टेबलावर ती नव्हतीच. काल तिची थोरली जाऊ होती.

“बॅटरीच्या पट्टीला तार जोडण्यापर्यंत,” ती म्हणाली. संध्याकाळी कणीक मळताना थोरलीने सांगितलेलं तिने घोकून ठेवलं होतं.

“नक्की?”

“हो, बाई.”

“आणि तारेबद्दल मी काय सांगितलं होतं?”

“ताणायची नाही. जराशी सैल ठेवायची.”

“बरोबर. पण तो दिवा फिरवा आधी. डाव्या हाताने काम करता, सावली पडते. किती वेळा सांगायचं?”

धाकटीने दिवा फिरवला. बाईंना संशय आलाय, तिला वाटलं. नाहीतर दर वेळी उलटतपासणी आपलीच का?

श्रवणयंत्रं जोडायला शिकवणारा हा छोटासा कोर्स होता. खोलीत धुळीचा कण चालत नसे. त्यामुळे शिकणारे काय, शिकवणारे काय, सगळे पांढऱ्या कोटात. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. टेबलाचा नंबर हेच प्रत्येकाचं नाव. जागा मिळाली की विद्यार्थी म्हणून सरकारी मदतही सुरू होई, पण ती एका घरात एकालाच.

नंबर थोरलीचा लागला होता. शिकायचं मात्र दोघींना होतं. दोघे भाऊ कामाच्या शोधात बाहेरगावी गेलेले, सासरे मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. एकीला घरी थांबणं भागच होतं. मग दोघींनी एक दिवस आड जायचं ठरवलं. उंची सारखी, कोट एकच. फरक काय तो हाताचा.

कुणाच्या लक्षात आलं असतं, तर जागाही गेली असती आणि मदतही. सध्या घरातली चूल त्या मदतीवरच पेटत होती.

“खडूस आहे ती बाई,” घरी येऊन धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली. “हसणं माहीत नाही. नुसती प्रश्नांची सरबत्ती.”

“कोण, आपली बाई?” थोरलीने नाक पुसलं. “अगं, काल माझ्या चिमट्यातून स्क्रू उडाला, तर म्हणते कशी, जाऊ दे, भूक लागली की येईल घरी. मास्कच्या आत हसून हसून माझी पुरेवाट.”

“तुमच्याशी सगळेच गोड वागतात, जाऊबाई.”

“तुझ्या कपाळावरच्या आठ्या बघून घाबरत असेल बिचारी.”

सासरे कॉटवरून म्हणाले, “दोघी एकाच शाळेत जाताय ना? नाहीतर एकीचा पत्ता चुकला असेल.”

“तुम्ही झोपा बघू, बाबा,” दोघी एकदमच म्हणाल्या.

थोरलीला लागोपाठ शिंका आल्या. शिंकणाऱ्याला त्या खोलीचं दारही ओलांडू देत नसत. “उद्याही तूच जा गं,” ती नाकाला पदर लावून म्हणाली. “गैरहजेरी लागायला नको.”

दुसऱ्या दिवशी बाई गुणगुणत आत आल्या. कोटाच्या बाह्या लांब होत असाव्यात, तशा मनगटावर दुमडलेल्या होत्या.

“आज स्वारी खुशीत,” शेजारची सहा नंबर कुजबुजली. “हिचं हे असंच. आज ऊन, उद्या सावली.”

“काल कुठवर आलो होतो आपण?” बाईंनी विचारलं.

या वेळी धाकटीने न अडखळता सांगून टाकलं. काल ती स्वतःच तर होती. मग दिवा फिरवून घेतला आणि कामाला लागली. तार जागेवर बसली, सोल्डरचा ठिपका नीट गोल पडला. हे काम आपल्याला जमतंय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

“अरे वा, सात नंबर. डाव्या हातानेसुद्धा?”

बाई मागेच उभ्या होत्या. धाकटीचा चिमटा हवेतच थांबला.

“परवापर्यंत तर उजव्याने करत होतात.” बाई खाली वाकल्या. आता त्या गुणगुणत नव्हत्या. “सुटल्यावर थांबा जरा.”

उरलेला वेळ धाकटीने कसाबसा काढला. उजवा हात मुरगळलाय, असं सांगता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण उद्या? परवा? सगळे गेले, कोट खुंट्यांवर टांगले गेले, आणि खोलीत दोघीच उरल्या तेव्हा ते वाक्य तिने गिळलं.

“बाई, जागा माझी नाही. माझ्या जावेची आहे. मला काढा, पण तिला राहू द्या. मदत बंद झाली तर घर बसेल आमचं.”

बाईंचे डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

“म्हणजे परवा तुम्ही नव्हता.”

“नाही. परवा ती होती.”

“आणि काल?”

“काल मीच होते.” धाकटीला नवल वाटलं. “डाव्या हातावरून तुम्हीच नाही का रागावलात? दिवा फिरवा म्हणून?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. जाऊन ते लावून घेतलं. मग परत येऊन त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “काल मीही नव्हते.”