एका चहापुरतं

गफूरमिस्त्रींनी वासंतीच्या अप्पांच्या जुन्या डिझेल जीपच्या कंट्रोल युनिटवर हेअर ड्रायर धरला. डबा तापताच चालू इंजिन बंद पडलं.

“आतला सोल्डरचा जोड सुटलाय. गरम झालं की गाडी बंद,” ते म्हणाले. “तुमचे दादा खोटं बोलत नव्हते.” आणि ते चहा घेत बसले.

वासंतीला भरून आलं. रात्रभर दाराकडे बघत अप्पांनी प्राण सोडला आणि दादा जीप घेऊन उजाडल्यावर पोचला. घाटात बंद पडली ती पहाटेपर्यंत सुरूच झाली नाही, म्हणाला. तेव्हापासून तिने अबोला धरला होता. आता डोळे पुसून तिने त्याला फोन लावला.

चहा संपवून मिस्त्रींनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं.

“थंड झालं की चालते. एक चहा प्यायचा, बस.”

पलीकडून दादा म्हणाला, “बोल, वासू.”

“दादा, त्या रात्री चहा किती वेळ पीत होतास?”