मापाची दोरी

बाविसाव्या मजल्यावर राहायला येताना आईने जुन्या घरातली टोपली आणि दोरी हट्टाने सोबत आणली. तिकडे ती तिसऱ्या मजल्यावरून टोपली खाली सोडायची आणि भाजीवाली ती भरून द्यायची.

"आई, दोरी तीन मजल्यांची. इथे टोपली अधांतरी लटकेल," लेक हसला.

"लटकू दे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

पण लेक कामावर गेला की घर तिला खायला उठायचं. शेजारची दारं सदा बंद, आणि लिफ्टमध्ये जो तो मजल्यांचे आकडे बघत उभा. शेवटी एका सकाळी तिने सवयीने चिठ्ठी लिहिली, "कोथिंबीर, दोन लिंबं", आणि टोपली खिडकीतून खाली सोडली. वाऱ्यावर ती जरा वेळ झुलली, मग दोरीला हिसका बसला. आईने घाईघाईने वर ओढली, तर आत दोन लिंबं! चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, "कोथिंबीर संपलीय, उद्या देते. एकोणिसावा मजला."

पंधरा दिवसांनी लेकाला आईची दया आली. तो दोरीचं हे एवढं मोठं भेंडोळं घेऊन आला. "घे, आता टोपली थेट रस्त्यावर पोचेल."

तेवढ्यात खालून हाक आली, "काकू, टोपली सोडा ना! चहा गार होतोय!"

आईने लगबगीने रिकामा थर्मास टोपलीत ठेवला आणि भेंडोळं लेकाच्या हातात परत दिलं.

"दुकानात देऊन ये जा. माझी अगदी मापाची आहे."