पावड्यांनी पाय ओळखले

तिसऱ्यांदा धागा तुटला, आणि पैठणी विणणाऱ्या अण्णांची लेक हेमांगी हिरमुसली. स्कॉटलंडच्या विद्यापीठातला हा जुना हातमाग वर्षभरासाठी एकाच विद्यार्थ्याला मिळायचा, नि तिला तो हवाच होता. "आता शेवटची संधी," चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

तिनं घाईनं येवल्याला फोन लावला.

"अण्णा, मागाच्या पावड्या पायांचं ऐकतच नाहीत."

"पायांत काय आहे?"

"बूट. थंडी आहे ना इथं."

"अगं बये, बुटांचा दाब रेशमाला सोसेल का? काढ आधी."

हेमांगीला हसू फुटलं. फोन चालूच ठेवून तिनं बूट काढले, मोजे काढले, मागाला हात लावून कपाळी टेकवला. लाकडाच्या गारठ्यानं तळपाय शहारले, पण पावड्यांनी पाय ओळखले. खटक खट, खटक खट, आडवा धागा ओढत धोटा मासोळीसारखा धावू लागला, नि निळं रेशीम वीतभर उमललं, अखंड.

बाई कितीतरी वेळ तिच्या अनवाणी पावलांकडे पाहत राहिल्या. मग मागाच्या खोलीची किल्ली तिच्या ओंजळीत ठेवून त्या खाली वाकल्या आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.

"अगं, काढलेस का बूट?" फोनमधून अण्णांनी विचारलं.

"काढले, अण्णा. बाईंनीपण."