बुधवारचा तास

आभाचे बूट अरुंधतीबाईंनी उलटे करून पाहिले. तळाला मातीचा कण नाही. खांदा कॉलनीच्या रस्त्यांवर तासभर चालून आलेल्या बाईचे बूट असे दुकानातून आणल्यासारखे राहतात होय?

बूट जागेवर ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या. सून ओट्याशी पोळ्या लाटत होती, तेही गुणगुणत.

"झालं चालून?"

"हो आई. मस्त वाटलं."

मस्त वाटलेलं दिसतच होतं. ऑफिसातून येणारी आभा म्हणजे पिळून वाळत घातलेलं कापड, आणि चालून येणारी आभा टवटवीत. घामाचा टिपूस नाही. शिवाय डाव्या गालावर ती घडी, उशीच्या अभ्र्याची. अशी घडी कशाने उमटते हे न कळायला अरुंधतीबाई काही काल जन्मल्या नव्हत्या.

त्या शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं त्यांनीच बसवलं. कोणता मास्तर तास बुडवून चहाला पळतो, हे त्यांना त्याच्या नुसत्या चालीवरून कळायचं. घरातही तोच खाक्या. दळण, इस्त्री, भाजी निवडणं, सगळ्याला वार आणि तास ठरलेला. आडवं होणं तर पापच. "या घरात दिवसाउजेडी कुणी लोळत नाही," असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुनेला बजावलं होतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार आभाचं चालणं. मंगळवार, गुरुवार अरुंधतीबाईंचं भजन. ही वाटणीसुद्धा त्यांचीच, म्हणजे गॅसपाशी कुणीतरी एक असतंच. भजनाहून परतल्या की आभा म्हणायची, "आई, किती प्रसन्न दिसता हो!" तेव्हा बरं वाटायचं. आता त्यातही काहीतरी छद्मी असावं असं त्यांना वाटू लागलं होतं.

मुलगा स्वानंद नोकरीला पुण्यात, घरी शनिवार-रविवारचा पाहुणा. त्याला त्यांनी फोनवर आडून विचारलं, "आभा हल्ली फार चालते रे."

"चांगलंय की. तब्येतीला बरं."

"एकटीच जाते."

"मग काय वरात काढायची, आई?" तो मोठ्याने हसला.

अरुंधतीबाईंनी फोन ठेवला. साधा, भोळा पोरगा. तिकडे आठवडाभर मेसचं गिळतो आणि इकडे त्याची बायको... पुढचं वाक्य त्यांनी मनातही पुरं केलं नाही. लेकाचा संसार डोळ्यांदेखत मोडायचा आणि आपण दळणाचे वार लावत बसायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

बुधवारी आभा बूट घालून निघाली. अरुंधतीबाईंनी वरणाखालचा गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि मागोमाग जिना उतरल्या. आभा बागेकडे वळलीच नाही. कोपऱ्यावर तिने रिक्षा केली.

अरुंधतीबाईंनी दुसरी थांबवली. "त्या पुढच्या रिक्षामागे घे."

रिक्षावाल्याने आरशातून त्यांना न्याहाळलं. "काय लफडं नाय ना, मावशी?"

"तू पुढे बघून चालव."

महामार्ग ओलांडून रिक्षा जुन्या पनवेलात शिरली. प्रत्येक वळणावर अरुंधतीबाईंचं काळीज थोडं थोडं खाली सरकत होतं. लाइन आळीत पुढची रिक्षा थांबली. किराणा घ्यायला थांबली असेल. देवा, किराणाच असू दे! पण आभा उतरली आणि इकडेतिकडे न बघता एका जुन्या इमारतीच्या जिन्यात शिरली. रोजच्या वाटेवरून जावं तशी.

अरुंधतीबाई रिक्षातच बसून राहिल्या. दुसरीकडे कुठेही गेली असती तरी एकवेळ चाललं असतं. पण इथे?

"मावशी, उतरताय का?"

त्यांनी पैसे दिले. वर जावं तर सगळंच उघड्यावर येईल. न जावं तर तिच्या हातची पोळी आज घशाखाली कशी उतरायची? पदर घट्ट लपेटून त्या निघाल्या. जिन्यात मिट्ट काळोख. मधली तुटकी पायरी ओलांडून त्या दुसऱ्या मजल्यावर आल्या. दाराबाहेर चपलांची रांग होती, आणि शेवटी आभाचे पांढरे बूट. आतून पंख्याची घरघर येत होती. बोलणं नाही, हसणं नाही.

बेल न दाबता त्यांनी बोटाने हलकेच टकटक केली.

दार किलकिलं झालं. दारात पदर खोचलेली घरमालकीण उभी होती. तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसली. पडदे ओढलेले. ओळीने चार खाटा. टोपलीत बंद करून ठेवलेले मोबाइल. भिंतीवर खडूने लिहिलेलं: एक तास. कुणी उठवणार नाही. चारही खाटांवर चार बायका झोपलेल्या, एकीच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, एकीच्या उशाशी मेथीची जुडी. खिडकीजवळच्या खाटेवर आभा होती. तोंड जरासं उघडं, डावा गाल उशीत रुतलेला. लहान पोरीसारखी झोपली होती.

परपुरुष नव्हता. लेकाचा संसार शाबूत होता. अरुंधतीबाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्या घाईघाईने पाठ फिरवून जिन्याकडे वळल्या.

घरमालकिणीने त्यांचा दंड धरला, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "अवो बाई, आज कशा आल्यात? आज तुमचा वार नाय. तुमच्या खाटेवर ह्या झोपल्यात ना. उद्या या, नेमीसारख्या."