पाजण्याआधी

तपासणीच्या यंत्रात मृण्मयीच्या दुधाचा थेंब पडला आणि आजही लाल दिवाच लागला. तिला रडू फुटलं.

"इतक्यात बाळाला पाजायचं नाही," नर्स रुक्साना म्हणाली. "तवे, रेनकोट, लिपस्टिक, सगळ्यांतली रसायनं अंगात साठतात नि दुधावाटे बाहेर पडतात. दूध काढून टाकत राहा, हळूहळू ती कमी होतील."

दुधाची वाटी घेऊन मृण्मयी विषारी कचऱ्याच्या पिंपाकडे निघाली. जाता जाता तिने सोबत आलेल्या आईला विचारलं, "मला पाजायचीस तेव्हा तपासायचे का गं?"

"तेव्हा कुठली यंत्रं? चांगली दोन वर्षं प्यायलीस तू," आई कौतुकाने म्हणाली आणि एकदम थबकली. आपल्या अंगातलं विष कुठे गेलं, ते तिला आत्ता उमगलं.

तिने लेकीच्या हातातली वाटी काढून घेतली. "तू बाळाजवळ बस. हे मी ओतते."