रेडिओवाल्यांचा फोन

"आई, हळू," असं जिन्यावरून तिसऱ्यांदा सांगूनही खालचं बोलणं थांबेना, तेव्हा यशोधनने मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद केला आणि तो दाणदाण पायऱ्या उतरत खाली आला. त्याची चाहूल लागताच वासंतीबाईंनी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"तेच रे. रेडिओवाले."

यशोधनच्या डोक्यात तिडीक गेली.

जानेवारीत त्याने हार्लेममध्येच, म्हणजे ते राहत त्या डच शहरातच, एक वापरलेली गाडी घेतली होती. तिच्यातल्या रेडिओची सेवा तीन महिने फुकट होती, पुढे वर्गणी भरायची. पण मार्चमध्ये सगळं जग घरात कोंडलं गेलं आणि गाडी दारासमोर धूळ खात पडली. रेडिओ कंपनीला त्याचं काय! तिने पिच्छाच पुरवला. आधी ईमेल, मग पत्रं, मग मोबाइलवर फोन, मग घरच्या फोनवर. नको म्हणून सांगितलं की दोन दिवसांनी दुसरा कुणीतरी तेच पाठ केलेलं वाक्य म्हणायचा. एकदा तर बॉसशी बोलणं चालू असताना लागोपाठ चार फोन. एप्रिलमध्ये यशोधनने त्यांना असं फैलावर घेतलं की पलीकडचा माणूस माफी मागायला लागला. फोन नकोत म्हणणाऱ्यांच्या सरकारी यादीतही त्याने दोन्ही नंबर घातले.

मोबाइल शांत झाला. घरचा फोन मात्र नाही. संध्याकाळी हँडसेट हातात घेतला की नोंदींमध्ये कंपनीचा नंबर असायचाच. रोज एकदा, वीस-पंचवीस मिनिटं.

"एवढा वेळ काय बोलतात ते?" त्याने आईला विचारलं.

"एक मुलगी आहे, शर्मिला नावाची. सुरिनामची, पण हिंदी बोलते छान. तीही बिचारी घरूनच काम करते."

यशोधनला सगळा डाव कळला. म्हातारी बाई, डच येत नाही, इंग्रजी जेमतेम. बसवली असणार मुद्दाम एक हिंदी बोलणारी मुलगी. एकदा ही 'हां, हां' म्हणाली की झालं. तेवढंच रेकॉर्ड करून वर्षाची वर्गणी गळ्यात मारतील.

"आई, ती गोड बोलून तुला फशी पाडतेय. फोन वाजला तरी उचलायचा नाही."

"नाही उचलणार," वासंतीबाई म्हणाल्या आणि बीन्स मोडायला बसल्या.

फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. मग विमानंच बंद झाली आणि त्या अडकल्या. यशोधन दिवसभर वर खोलीत, त्याची बायको जयंती जेवणाच्या टेबलावर दोन्ही कानांना हेडफोन लावून, आणि सात वर्षांची संहिता टॅब्लेटवरच्या शाळेत. आजीने काही विचारलं तर ती डचमध्ये उत्तर द्यायची आणि पुन्हा पडद्याकडे वळायची. घरात एकाची तरी मीटिंग चालूच असे. कुकर लावायचा तर वासंतीबाई आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायच्या.

दुसऱ्या दिवशी नोंदींमध्ये पुन्हा तोच नंबर. बावीस मिनिटं.

"उचललास ना?"

"नाही रे. वाजलाच नाही."

यशोधन तिच्याकडे बघतच राहिला. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई सत्तरीत खोटं बोलायला लागली होती, तीही या हलकटांमुळे. जयंती म्हणाली, फोनच काढून टाकू. पण चूक त्यांची असताना माघार आपण का घ्यायची? आता हे प्रकरण धसास लावायचंच, असं त्याने ठरवलं.

शनिवार-रविवार बसून त्याने तीन पानी पत्र लिहिलं. तारखा दिल्या, मिनिटं दिली, शर्मिलाचं नाव ठळक अक्षरात दिलं. एका वृद्ध परदेशी स्त्रीला तिच्या भाषेत गाठून रोज छळणाऱ्या या बाईला आठवड्याभरात कामावरून काढलं नाही, तर आपण वकील गाठू आणि वर्तमानपत्रातही जाऊ, असं शेवटी बजावलं.

पण पुढच्या गुरुवारपासून कहरच झाला. आता दिवसातून तीन-चार वेळा तोच नंबर दिसू लागला, मिनिट-अर्ध्या मिनिटाच्या नोंदी. पत्राचा सूड उगवताहेत, यशोधनची खात्रीच पटली. आईचं जेवणही कमी झालं होतं. किती धास्ती घेतली असेल तिने! त्याने दुसरं पत्र पाठवलं, पहिल्यापेक्षा जहाल.

मंगळवारी सकाळी त्याच्या मोबाइलवर कंपनीच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. यशोधन मागच्या बागेत गेला आणि त्याने मनात घोळवून ठेवलेलं एकूण एक वाक्य ऐकवलं. त्याचं संपल्यावर बाई म्हणाल्या की पहिलं पत्र मिळताच, बुधवारी, शर्मिलाला कामावरून कमी केलं आहे.

"हे आधीच करायला हवं होतं," यशोधन म्हणाला. कितीतरी आठवड्यांनी त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"चौकशी मात्र मी काल केली, त्याबद्दल माफ करा," बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "एप्रिलनंतर आमच्याकडून तुमच्या घरी एकही फोन गेलेला नाही. सगळे तुमच्या घरून आलेत. आज सकाळपासूनही दोन आले. त्या आजींचं बोलणं आमच्या लोकांना समजत नाही, फक्त शर्मिला हे नाव तेवढं कळतं. त्यांना जरा सांगाल का, आम्हाला फोन करू नका म्हणून?"