कोपऱ्यातला पिवळा डाग

"ताई, हा माणूस आहे की लेन्सचा दोष, एवढंच सांगा." धाकटीच्या नवऱ्याने कॅमेरा टेबलावर ठेवला.

थोरलीने कॅमेरा जवळ ओढला. मिररलेस कॅमेरा, त्यावर लांब पल्ल्याची झूम लेन्स. अशा लेन्स तपासणं हेच तिचं काम. एखादी नवी लेन्स बाजारात आली, की तिचे फोटो कडेपर्यंत रेखीव येतात का, हे ती या खोलीत बसून ठरवायची आणि लोक डोळे झाकून तिच्यावर विश्वास ठेवायचे.

धाकटी नदीकडे गेली ती परतलीच नव्हती. काठावर तिच्या चपला आणि शाल सापडली. पाणबुड्यांनी सगळा डोह धुंडाळला, हाती काही लागलं नाही. त्या सकाळी पक्षी टिपणारे एक मास्तर अलीकडच्या काठावर होते. त्यांच्या एका फोटोत, बगळ्याच्या मागे, पलीकडच्या काठावर अगदी कोपऱ्यात पिवळं काहीतरी होतं. धाकटीच्या अंगात पिवळा कुर्ता होता.

मास्तरांनी मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत तो नुसता डाग दिसायचा. मोठा करावा, तर चौकोन-चौकोन व्हायचे. मूळ फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डात होता, म्हणून तो त्यांच्याकडून कॅमेराच मागून घेऊन आला होता.

"माणूस असेल तर ती पार झाली," तो म्हणाला. "पलीकडचं गावन् गाव पालथं घालीन मी. पण लेन्सचाच खेळ असेल, तर..."

दाराशी बसलेली आई पदराने तोंड दाबून रडत होती. "जावईबापूंनी अन्नाला हात लावला नाहीये," ती थोरलीला म्हणाली. "तू तरी नीट बघ गं."

"बघते. तुम्ही दोघं जरा बाहेर बसा. पडद्यावर उजेड पडतो."

तिने दार लोटलं. फोटो उघडला, कोपरा मोठा केला. बाहेर आईचं मुसमुसणं ऐकू येत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं, तरी थोरली खुर्चीतून हलली नाही. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय आहे?" तो ताडकन उठला.

"असं नुसतं बघून कळत नाही. लेन्स तपासावी लागेल."

त्याने तिच्या मागोमाग खोलीत येऊन खुर्ची ओढली. थोरलीने भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता लावला आणि कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. मग कपाटातून एक जुनी काच काढून लेन्सच्या तोंडावर बसवली. "लेन्स दुसऱ्याची आहे. ओरखडा नको."

पहिल्या फोटोत मधला भाग लख्ख होता. कोपऱ्यातल्या रेघा तिने बराच वेळ न्याहाळल्या.

"तिचा मोबाईल?" तिने मान न वळवता विचारलं.

"माझ्याकडेच असायचा. कोणीही फोन करून तिचं डोकं खायचं."

"आम्हीसुद्धा?"

"तसं नाही, ताई. तिला शांतता लागायची. घरातलं सगळं मी आणून द्यायचो, बाहेर पडायची वेळच येऊ द्यायचो नाही. त्या दिवशी तापाने माझा डोळा लागला आणि..." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "एकदा, फक्त एकदा नजर हटली हो!"

थोरलीने लेन्स शेवटच्या टोकापर्यंत वाढवली. फोटो काढला. पुन्हा काढला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"सापडली तर काय कराल?" तिने विचारलं.

"घेऊन येईन. यापुढे क्षणभरही नजरेआड होऊ देणार नाही."

तिने कोपऱ्यातला दिवा लावला, तो लेन्सच्या कडेला तिरका धरला आणि बटण दाबलं. "हे बघा."

पडद्यावर, दिव्याच्या नेमक्या विरुद्ध कोपऱ्यात, एक पिवळट डाग उमटला होता. खाली निमुळता, वर गोल. कोणीतरी उभं असावं तसा.

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "पण इथे तर कोणीच नाही."

"कोणीच नाही. पाण्यावरून उन्हाची तिरीप लेन्समध्ये शिरते, आतल्या काचांवर आपटते आणि भलत्याच ठिकाणी असा डाग पडतो. या लेन्समध्ये तो फार पडतो."

"म्हणजे ती..."

"पलीकडे कोणी नव्हतं."

त्याने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. दारात उभ्या आईने हंबरडा फोडला. थोरलीने धावत जाऊन तिला मिठी मारली आणि मग तीच इतकी हमसून रडली की आईलाच तिची पाठ थोपटावी लागली.

"तो फोटो ठेवू नका," थोडी सावरल्यावर ती त्याला म्हणाली. "आईच्या हाती लागला, तर रोज वाट बघत बसेल."

त्याने मोबाईलवरचा पुसला. त्याच्यासमोरच तिने कार्डातला मूळ फोटोही पुसून टाकला.

शोध थांबला. सामान भरून ठेवलेली त्याची गाडी पलीकडे गेलीच नाही. भेटायला येणारे थोरलीबद्दल हळू आवाजात बोलत. सख्खी बहीण, तरी खोटी आशा दाखवली नाही, म्हणत. मास्तर कॅमेरा न्यायला आले तेव्हा ओशाळले होते. "माझ्या भिकार लेन्समुळे उगाच तुमच्या जिवाला घोर."

"तुमचा काय दोष?" थोरली म्हणाली आणि कॅमेरा त्यांच्या हातात देऊन दार लावून घेतलं. डाग पाडणारी ती जुनी काच तिने केव्हाच कपाटात परत ठेवली होती.

इतक्या वर्षांत तिच्या हाताखालून इतकी उत्तम लेन्स गेली नव्हती. त्या पुसलेल्या फोटोत थेट कोपऱ्यापर्यंत गवताची पाती सुटी दिसत होती. ओल्या बाह्या वर सारून धाकटी नदीकडे पाठ करून चढण चढत होती आणि तिच्या दंडांवरचे वळ इतके स्पष्ट आले होते, की जुने कुठले आणि ताजे कुठले तेही ओळखता येत होतं.